रस्ते रुंद करून झाले, जोडायचे कधी? (सांगली-मिरज-कुपवाड आणि आसपास)

बांधावरचा

सांगलीत रस्त्यांचा विषय निघाला की गाडी खड्ड्यांवरून सुटते आणि रुंदीकरणावर येऊन थांबते. मला वेगळंच विचारायचंय. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत विश्रामबागच्या पुढं, धामणी रस्त्याला, कुपवाडकडं जे लेआउट पडले, त्यांतले रस्ते एकमेकांना मिळतात का? उपग्रहाचा नकाशा उघडून बघा. मुख्य रस्त्याला फणीसारखे दात फुटलेत. एकेक दात आत दोन-तीनशे मीटर जातो आणि थांबतो. शेजारच्या दातात जायचं तर उलटं फिरून पुन्हा मुख्य रस्त्यावर यायचं.

याचं मूळ शेतीच्या वाटण्यांत आहे असं माझं मत. वाटणी करताना प्रत्येक भावाला रस्त्याला तोंड हवं असतं. म्हणून पट्टे पडतात, तोंडाला चाळीस-पंचेचाळीस मीटर आणि आत लांबच लांब. पुढं एक पट्टा एका वर्षी बिनशेती होतो, शेजारचा सात वर्षांनी, तिसऱ्यात अजून ऊस असतो. प्रत्येक मालक आपल्या पट्ट्याच्या मधून नऊ मीटरचा रस्ता काढतो, दोन्ही अंगांना प्लॉट पाडतो आणि मोकळा होतो. जिथं बांध होता तिथं कंपाउंड उभं राहतं. बांधाला निदान पलीकडं जाता यायचं.

परिणाम असा की मागच्या गल्लीतल्या मित्राकडं जाणारं पोरगं, घंटागाडी, दूधवाला, पाण्याचा टँकर, सगळे मुख्य रस्त्यावर. मग तिथं कोंडी होते, की आपण म्हणतो रस्ता अपुरा पडतोय, रुंद करा. रुंद केला की त्याच्या कडेला आणखी दोन पट्टे बिनशेती होतात.

आता दहा-बारा किलोमीटरवर जयसिंगपूरला जा. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये ओसाड माळावर गाव वसवलं, वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं. आधी रस्ते आखले, मग लोक आले. सरळ गल्ल्या, काटकोनात छेदणाऱ्या, त्यांना नंबर. पत्ता सांगताना माणूस गल्लीचा नंबर सांगतो आणि पाहुणा न विचारता पोचतो. एका गल्लीत मांडव पडला तर पुढच्या गल्लीनं जायचं, कुणाचं अडत नाही. शंभर वर्षांपूर्वी जे संस्थानाला सुचलं ते आपल्याला का जमत नाही? (जयसिंगपूरचा विषय काढलाय म्हणून कुणीतरी भडंगावर घसरणार, हे गृहीत धरलंय.)

हरभट_रोड

भडंगावर नंतर बोलू.

जुन्या सांगलीबद्दल एक. आमचे रस्ते अरुंद, पार्किंगच्या नावानं शंख. पण गणपती पेठेतून मारुती रोडला जायला पायी चार वाटा आहेत, कारण मध्ये बोळ आहेत. एक बोळ बंद तर दुसरा. नव्या भागात साठ फुटी रस्ता आहे आणि वाट मात्र एकच. माझी आई पंच्याहत्तरीची आहे. गावभागात ती भाजी, देऊळ, बँक सगळं चालत करायची. आता विश्रामबागच्या पलीकडं फ्लॅटमध्ये आहे. तिच्या खिडकीतून किराणा दुकान दिसतं, आणि तिथं जायला रिक्षा लागते. मध्ये भिंत आहे.

माधवनगरकर

रेल्वे विसरू नका. पुणे-मिरज लोहमार्गानं शहराचे दोन भाग केलेत. संजयनगर, अहिल्यानगर, चिंतामणीनगर, माधवनगर हे सगळं रुळांच्या पलीकडं. २०२३ मध्ये चिंतामणीनगरचा रेल्वे पूल नवा बांधायला पाडला तेव्हा आम्हाला समजलं की आम्ही शहराला किती धाग्यांनी बांधलेले आहोत. एका. शाळेच्या रिक्षांपासून बाजाराच्या टेम्पोपर्यंत सगळ्यांना वळसा. माधवनगरच्या व्यापाऱ्यांना विचारा.

बांधावरचा

@माधवनगरकर, अगदी. पूल पाडल्याचं वाईट नाही, जुना झाला की पाडावाच लागतो. पण चार वाटा असत्या तर एक बंद झाल्याची बातमी झाली नसती.

निवृत्त_भूकरमापक

भूमी अभिलेखात हयात गेली म्हणून दोन गोष्टी सांगतो.

गाव नकाशा बघा, जुना. त्यावर दुहेरी तुटक रेघ असते ती गाडीवाट, एकेरी तुटक रेघ ती पाऊलवाट. दोन गावांच्या शिवेवरून जातो तो शिवरस्ता. शहराच्या कडेला जे आडवे रस्ते आज चालू आहेत, त्यातले बरेचसे या जुन्या रेघांवर आहेत. बैलगाडीला आडवं जावंच लागायचं, म्हणून ते रस्ते आडवे आहेत. लेआउटवाल्यांनी आपण होऊन काढलेला आडवा रस्ता मला नोकरीत क्वचित दिसला.

दुसरं. शेतकऱ्याला शेतात जायला वाट नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४३. तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतो. असलेली वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. म्हणजे उसाच्या गाडीची सोय कायद्यानं केली आहे. तीच जमीन बिनशेती झाली, त्यावर चाळीस घरं उभी राहिली, की शेजारी जायच्या वाटेबद्दल दाद मागायला असा सोपा दरवाजा राहत नाही.

लोक सातबारा बघतात, गटाचं क्षेत्र बघतात. टिपण (मोजणीचा मूळ नकाशा) आणि फाळणी (पोटहिश्श्यांचा नकाशा) कुणी मागत नाही. जमीन घेताना गाव नकाशा आणि लेआउट शेजारी ठेवून पाहावेत. तुटक रेघ प्लॉटखाली गेली असेल तर पुढं कटकट आहे.

गुलमोहर_१२

सगळे एकाच सुरात बोलताहेत म्हणून उलट बाजू मांडते. आमची कॉलनी बंद टोकाची आहे आणि मला ती तशीच आवडते. पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळतात, संध्याकाळी बायका निवांत चालतात. कुणी अनोळखी आत आला की कळतं. बहिणीची कॉलनी दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारी आहे. तिथं क्लास सुटला की दुचाक्या अशा सुसाट जातात की गेटबाहेर पाय टाकायची भीती. गळ्यातलं ओढून नेणाऱ्यालाही दोन्हीकडून पळायला रस्ता. जोडा जोडा म्हणणं सोपं आहे, जोडल्यावर त्या रस्त्यावर राहणार आम्ही.

हरभट_रोड

गुलमोहरताई, मुद्दा खरा आहे. पण सगळ्यांनीच आपापला रस्ता बंद ठेवला तर ती सुसाट वाहतूक जाते कुठं? मुख्य रस्त्यावर, आणि तिथंही लोक राहतात.

गुलमोहर_१२

राहतात ना. त्यांनी तिथं दुकानाचे गाळे काढलेत आणि भाडं खातात. :)

रिचमंडकर

मूळचा मिरजेचा, सध्या अमेरिकेत व्हर्जिनियात. इथं हा वाद होऊन गेलाय म्हणून लिहितोय.

इथं उपनगरांतले रस्ते बांधतो बिल्डर, आणि पुढं देखभालीला बहुतेक ठिकाणी राज्य सरकार ताब्यात घेतं. २००९ मध्ये राज्यानं सांगितलं, की तुमच्या वसाहतीचे रस्ते शेजारी जोडलेले नसतील तर आम्ही घेणार नाही, बर्फ तुमचा तुम्ही काढा. मोजायला साधं गुणोत्तर होतं. रस्त्याचे तुकडे मोजा, त्याला चौक आणि बंद टोकं यांच्या बेरजेनं भागा. दाट भागात १.६ हवं, उपनगरात १.४.

बांधावरचा यांच्या एका पट्ट्यावर करून बघा. मधला रस्ता, त्यावर तीन चौक, प्रत्येक चौकातून दोन्ही बाजूंना एकेक बंद गल्ली. तुकडे नऊ. चौक तीन आणि टोकं सहा, मिळून नऊ. उत्तर १. आता एकाच बाजूच्या तीन गल्ल्या शेजारच्या पट्ट्यात उघडा. तुकडे नऊच, पण तीन टोकं गेली. नऊ भागिले सहा, १.५. नवा रस्ता जवळजवळ बांधलाच नाही, फक्त तीन भिंती पाडल्या.

बिल्डर लोकांनी बराच आरडाओरडा केला आणि दोन-तीन वर्षांत आकड्याची अट गेली. पण एकापेक्षा जास्त दिशांना जोड द्यायची अट राहिली. गुलमोहर यांच्यासारखे आक्षेप इथंही आले होते, अगदी पोरांच्या खेळासकट.

जगभरच्या रस्त्यांचा एक मोठा अभ्यास २०२० मध्ये आला, बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या दोघांचा. १९७५ पासून जगात नवे रस्ते अधिकाधिक तुटक होत चाललेत असं त्यात निघालं. अमेरिकेत मात्र तुटकपणा १९९० च्या दशकाच्या मध्यावर कळसाला पोचला आणि मग उतरू लागला, असं त्यांच्याच आधीच्या अभ्यासात होतं. म्हणजे यांना चूक कळली तेव्हा पन्नास वर्षांची घरं बांधून झाली होती. ती वळवता येत नाहीत.

कुपवाडचा_वडाप

अमेरिका ऱ्हाऊ द्या, हिकडं या. मी रिक्षा चालवतो. सिटी बस एसटीची, ती मोठ्या रस्त्यानंच जाणार, कारण आत घातली तर वळवायची कुठं? बंद टोकाला बस फिरत नाही. मग कॉलनीतली माणसं मोठ्या रस्त्यापत्तोर चालत येत्यात न्हाईतर गाडी काढत्यात. प्रत्येक घरात दोन-दोन दुचाक्या उगाच नाहीत. आम्हा वडापवाल्यांचं पण तेच. दोन कॉलन्या आतनं जोडल्या असत्या तर एका फेरीत दोन्हीकडचं शिट भरलं असतं.

आरसीसी

मी लेआउट पाडतो. शिव्या देण्यापूर्वी हिशोब ऐका.

पट्टा ४५ मीटर रुंद. मध्ये ९ मीटर रस्ता, दोन्हीकडं १८-१८ मीटर खोलीचे प्लॉट. एका अंगाला जोडरस्ता काढायचा तर ९ गुणिले १८, म्हणजे १६२ चौरस मीटर, दीड गुंठ्याच्या वर. मालक म्हणतो, माझा दीड गुंठा जाणार आणि शेजाऱ्याच्या पट्ट्यात अजून शाळू उभा. त्यानं पुढं रस्ता सोडलाच नाही तर माझी जागा कचरा टाकायला. त्याचंही खोटं नाही. जो पहिला सोडतो तो फसतो.

नियमात नाही असं नका म्हणू. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहे, की लेआउट मंजूर करताना शेजारच्या जमिनींतल्या रस्त्यांशी मेळ घालावा. पण मेळ घालायला शेजारचा नकाशा टेबलावर असावा लागतो. तो सात वर्षांनी येतो. आणि आला की माझा लेआउट विकून झालेला असतो, त्या टोकाला कुणाचं तरी पोर्च असतं.

डीपी रस्त्यांची, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातल्या रस्त्यांची, वेगळी कथा. आराखड्यावर रेघ मारली म्हणून रस्ता होत नाही. दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देतो, त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. आणि घ्यायची म्हटली तर २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं शहरी जमिनीला बाजारभावाच्या दुप्पट. उसाची जमीन असताना फुकटात पडला असता असा रस्ता, प्लॉट विकल्यावर परवडत नाही.

बांधावरचा

@आरसीसी, हेच मला धाग्यात हवं होतं. जोडायला पैसे लागत नाहीत, वेळ साधावी लागते. जमीन बिनशेती होताना जी दोन-चार महिन्यांची खिडकी असते तेवढीच. रुंदीकरण पुढं कधीही करता येतं, महाग पडेल पण होईल. जोड एकदा हुकला की हुकला. तरी आपल्या सगळ्या मोर्चांचा, निवेदनांचा जोर रुंदीकरणावर.

आणि 'पहिला सोडतो तो फसतो' यावर उपाय एकच दिसतो, सगळ्यांनी एकदम सोडायचं. म्हणजे नगररचना योजना.

निवृत्त_भूकरमापक

टीपी स्कीम. नवीन नाही, मुंबई नगररचना कायदा १९१५ चा. पन्नास-साठ गट एकत्र धरायचे, आधी रस्ते, बागा, शाळांच्या जागा आखायच्या, मग उरलेल्यातून प्रत्येकाला प्रमाणात अंतिम भूखंड परत द्यायचा. वाकडातिकडा पट्टा जातो, चौकोनी प्लॉट मिळतो, आणि त्याला रस्ता असतो. गुजरातनं हे धरून ठेवलं. अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंगरोड या वाटेनं झाला. आपल्याकडं मधली कित्येक वर्षं टीपी स्कीम म्हणजे फाईल, लवाद आणि नातवाच्या हाती ताबा, अशी ख्याती झाली. शेतकरी बिचकतो. त्याला वाटतं, माझी विहीर कुठं जाणार आणि मला जागा कुठं मिळणार. त्याचं समाधान नकाशावर बोट ठेवून करावं लागतं, परिपत्रकानं होत नाही.

शामरावनगर_पश्चिम

तुमची सगळी चर्चा मंजूर लेआउटची चालली आहे. आमच्याकडं लेआउटच नव्हता. गुंठेवारी. एक गुंठा, दोन गुंठे, जमेल तसं घेतलं. ३३ बाय ३३ फुटांत घर. रस्ता कुठं दहा फुटी, कुठं पंधरा, आणि मालकानं जिथं विकणं थांबवलं तिथं रस्ता थांबला. २००१ चा गुंठेवारी कायदा आला तेव्हा आम्हाला वाटलं सुटलो. मुदत होती १ जानेवारी २००१ पर्यंतच्या प्लॉटांना, २०२१ च्या दुरुस्तीनं ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत नेली. प्लॉट नियमित होतो, पैसे भरले की कागद मिळतो. पण कागदानं रस्ता शेजारी मिळत नाही.

आणि जोड म्हणजे नुसती गाडीची वाट नाही. गटार रस्त्याच्या कडेनं जातं. रस्ता बंद तर गटार बंद. आमचा भाग सखल, काळी माती. पूर्वी इथं ओत, म्हणजे नैसर्गिक नाले होते, पाणी आपसूक नदीकडं जायचं. ओत बुजले, त्यांवर घरं आली. आता पूर नसला तरी नुसत्या पावसानं पाणी साठतं. दर वर्षी मुरूम टाकून रस्ता उंच करतात आणि घरं खड्ड्यात जातात. मंजूर लेआउटवाल्यांना पायी वळसा पडतो म्हणून वाईट वाटतं. आमच्याकडं दुखणेकऱ्याला खुर्चीवर बसवून कोपऱ्यापर्यंत आणायचं, कारण रुग्णवाहिका आत वळत नाही.

हरभट_रोड

पुराचं निघालंच आहे तर. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर होतं, धोक्याची पातळी ४५. मारुती रोड, हरभट रोड, गणपती पेठ पाण्याखाली, आमच्या दारात बोट. सगळं गाव मिरज रस्त्याला विश्रामबागकडं सरकलं. त्या दिवसांत विश्रामबागच्या आतल्या कॉलन्यांत कोंडी, कारण पाहुणे, टेम्पो, दुधाच्या गाड्या सगळ्यांना एकाच रस्त्यावरून आत-बाहेर. माझ्या मते २००५ आणि २०१९ नंतर ज्याला जमलं त्यानं पूर्वेला घर बघितलं, त्यात चूक काहीच नाही. पण शहर ज्या दिशेला पळून चाललंय तिथंच पळायच्या वाटा एकेरी आहेत.

कुपवाडचा_वडाप

+१. त्या आठवड्यात मी मिरज रस्त्याला होतो. गाडी कमी, ब्रेक जास्त.

आरसीसी

शामरावनगरवाल्यांचं वाचून एक कल्पना. गाडीचा रस्ता जोडणं दर ठिकाणी जमणार नाही, मान्य. पण बोळ? दोन मीटरचा बोळ १८ मीटर खोलीत किती खातो? ३६ चौरस मीटर, गुंठ्याचा तिसरा हिस्सा. माणूस जाईल, सायकल जाईल, पाण्याची नळी आणि गटार त्याखालून जाईल. मालकाला एवढं सोडायला मी राजी करू शकतो. कोपऱ्याचा प्लॉट म्हणून थोडा जास्त भाव लावून तो वसूलही करील. गुलमोहरताईंची सुसाट दुचाकी अडवायची तर दोन खांब रोवा.

गुलमोहर_१२

खांब रोवले तरी दुचाकी जाते, पुण्यात बघा. आडवी फिरती फाटकं लागतील. आणि बोळ म्हणजे दिवा नसलेला, बाटल्या पडलेला, कुणी झाडत नाही असा बोळ हे आम्हाला माहीत आहे. दिवा कोण लावणार ते आधी लिहून द्या.

पण हरभट_रोड यांच्या आईंचं वाचलं. आमच्या मागच्या भिंतीपलीकडं दवाखाना आहे. सासऱ्यांना ड्रेसिंगला नेताना रोज कार काढतो, भिंतीतून आरोळी मारली तर डॉक्टरांना ऐकू जाईल इतक्यावर. दिवा, फिरतं फाटक आणि रात्री दहानंतर कुलूप, एवढं मान्य होत असेल तर कॉलनीच्या बैठकीत मी विषय काढायला तयार आहे. कुलपाबद्दल इथं भांडण होणार हे माहीत आहे.

बांधावरचा

कुलपाला माझा विरोध आहे. आजारी माणूस रात्री दहानंतरच जास्त आजारी पडतो. पण बैठकीत तेवढ्यावरून अडू नका, दिवसाचा बोळ तरी मिळू दे.

निवृत्त_भूकरमापक

गुलमोहरताई, बैठकीआधी एक करा. तुमच्या मंजूर लेआउटची प्रत काढा आणि मागच्या जमिनीच्या लेआउटचीही. भिंतीच्या जागी रस्ताच दाखवलेला असण्याची बरीच शक्यता आहे. मंजुरीला टोक उघडं दाखवायचं आणि नंतर भिंत घालायची, हे मी बऱ्याच वेळा पाहिलंय. तसं असेल तर तुम्हाला कुणाची परवानगी मागायची गरज नाही, भिंत घालणाऱ्याला दाखवावी लागेल.

गुलमोहर_१२

भिंत आमच्याच कॉलनीनं घातली आहे. वर्गणी काढून.

आरसीसी

मग विषयपत्रिकेवर रीतसर घ्या. ऐनवेळच्या विषयात घातला तर तोवर चहा येतो आणि बैठक संपते.